वांग्यांच्या सोळा ओळी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनातून जात नाही ती वांग्याच्या एका शेताची केस. नव्वदच्या दशकात मी गंगेपलीकडे, रामनगरच्या बाजूच्या एका थान्यावर, म्हणजे पोलीस ठाण्यावर, दरोगा म्हणजे फौजदार होतो. घर घाटाजवळच्या मराठी गल्लीत. रोज सकाळी पूल ओलांडून ड्यूटीवर जायचे. या लेखात नावे कुणाचीच नाहीत. ती माणसे भोजपुरीत बोलली, मी मराठीत लिहितो आहे; 'भौजी' म्हणजे वहिनी आणि 'बबुआ' म्हणजे लाडाने धाकटा, हे दोन शब्द मात्र तसेच ठेवले आहेत.

ऑक्टोबरमध्ये पन्नाशीचा एक शेतकरी लेखी तक्रार घेऊन आला. शेजारीच राहणाऱ्या धाकट्या भावाने वैराने त्याच्या वांग्यांवर तणनाशक फवारले, असा आरोप होता. वाटणीवरून दोघे तीन वर्षे बोलत नव्हते. त्या घरातून काडेपेटीसुद्धा आणायची नाही, अशी शपथ थोरल्याने बायकोला घातली होती.

"दरोगाजी, भाऊ आहे म्हणून सांगतो, दोन कलमं जास्त लावा," तो म्हणाला.

"तीन वर्षं बोलला नाहीस, आणि भाऊ म्हणतोस?" लिखापढी करणाऱ्या दीवानजींनी विचारले.

"भांडायलाही भाऊच लागतो ना."

दुपारी चौकातल्या चहावाल्याने खबर दिली की धाकट्याने पंधरवड्यापूर्वी तणनाशक आणले होते. झडतीत रिकामी बाटली आणि पाठीवर बांधायचा पितळी फवारणी पंप मिळाला. बाटलीत लपवण्यासारखे काही नव्हते. वाटाणा पेरण्याआधी लव्हाळा आणि हरळी मारायला त्याने ते आपल्या मोकळ्या रानात फवारले होते. हे औषध पीक आणि तण असा भेद करीत नाही, हिरवे दिसेल ते मारते. म्हणून ते नांगरणीपूर्वी, रान रिकामे असतानाच मारतात. पंप मात्र आतून-बाहेरून लख्ख होता.

"पुरावा धुतला, साहेब," शिपाई म्हणाला.

धाकट्याला थान्यावर आणून बसवले. वय तिशीचे, मान खाली.

"वांग्यांवर तू फवारलंस?"

तो गप्प.

"मग कुणी फवारलं?"

"जे लिहायचं ते लिहा, दरोगाजी. मी अंगठा देतो."

"चला, कबुली झाली," दीवानजी म्हणाले आणि कागद पुढे ओढला. आता अटक, उद्या न्यायालय, आणि मग ती दोन घरे जन्मात जोडली जाणार नव्हती. मी संध्याकाळपर्यंत थांबा म्हणालो आणि शेताकडे निघालो.

मला मोजायची सवय आहे. वांग्यांच्या ओळी सोळा होत्या. पहिल्या चार पूर्ण वाळलेल्या, पुढच्या चार पिवळ्या, त्यापुढच्या चारांचे नुसते शेंडे फिके, आणि शेवटच्या चार हिरव्यागार, मोठी गोल वांगी धरलेल्या. वाळलेल्या ओळी थोरल्याच्या घराला लागून होत्या, हिरव्या ओळी धाकट्याच्या बांधाला. वैरी असता तर त्याने आपल्या बाजूने सुरुवात केली असती, आणि विष सगळीकडे सारखे पडले असते. इथे ते दर चार ओळींनी पातळ होत गेले होते. पंपाच्या तळाशी आधीचे औषध उरले असावे, त्यावर कुणीतरी पाणी आणि कीटकनाशक भरले असावे.

हे तणनाशक लागलेले दिसायला आठ-दहा दिवस घेते. तेवढे दिवस मागे मोजले, तर थोरला तेव्हा मुलीच्या सासरी गेलेला निघाला. घरी एकटी त्याची बायको होती.

तो पंप पुन्हा डोळ्यांपुढे आला. सांध्यांत राखेचे पांढरे कण होते. माझी आई मागून आणलेले पातेले परत करताना असेच राखेने घासून द्यायची. पुरावा नष्ट करणारा माणूस पंप विसळतो, घासत नाही.

ओसरीवर थोरला बसला होता. बायको दाराआड, पदर ओढून. मी सहज विचारले, "भौजी, एका पंपात किती ओळी होतात?"

"चार," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

"तुला काय ठाऊक?" थोरल्याने विचारले.

"शेंड्यांत अळी पडली होती. तुम्ही येईपर्यंत काही उरलं नसतं. मी जावेकडून पंप मागून आणला. तळाशी थोडं होतं, मला पाणी वाटलं. त्याला वाससुद्धा नव्हता." मग हळूच, "परत देताना घासून दिला. आधी घासायला हवा होता."

"मग मी तक्रार द्यायला निघालो तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुमची शपथ मोडली होती."

थोरला ओळींकडे वळला. "बबुआला माहीत होतं?"

"पंप एवढा लख्ख त्यांच्या घरात कोण घासतं? ओळखलंच असेल." ती रडत होती. "मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. माझ्या हातानं जेवायचा."

थोरला तसाच माझ्याबरोबर थान्यावर आला. तक्रार चुकीच्या समजुतीने दिली, असे त्याने लिहून दिले. धाकटा बाकावरून उठला.

"तोंड नव्हतं का तुला?" थोरला म्हणाला.

"तू भौजीला बोलला असतास."

"तुला तुरुंगात धाडलं असतं, ते चाललं असतं?"

"तुझा राग मला सवयीचा आहे."

दीवानजींनी पंप मोकळा केल्याच्या पावतीवर सही मागितली. ती थोरल्याने केली, पंप स्वतःच्या पाठीवर बांधला, आणि दोघे मागेपुढे चालू लागले. फाटकापाशी थोरला थांबला, धाकटा बरोबरीला येईपर्यंत.

त्या दिवसापर्यंत गप्प राहणाऱ्या आरोपीला मी निम्मा गुन्हेगार धरत असे. नंतरच्या सगळ्या नोकरीत अशा माणसाला मी एक प्रश्न जास्त विचारला: घरी कोण कोण असतं?