बुरुल्चाने घेतलेलं नाव

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण बुरुल्चाने सासऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. सासरे बोरूबाय. बोरू म्हणजे लांडगा. म्हणून लांडगासुद्धा तिच्या लेखी ‘उलुमा’, केकाटणारा. गावातली प्रत्येक सून आपापल्या सासऱ्याचं नाव असंच टाळत असे.

त्या उन्हाळ्यात ती नकाशावाल्या ग्लेबबरोबर हिंडत होती. घोडे सांभाळायचे, तो सांगेल तिथे पट्ट्यापट्ट्यांची काठी धरून उभं राहायचं. हिमनदीखालच्या एका तळ्याशी त्याने विचारलं होतं, “वहिनी, ह्याचं नाव?”

सगळं खोरं त्याला बोरूकोल म्हणे, लांडग्याचं तळं. ती म्हणाली, “उलुमाकोल.” त्याने तेच लिहून घेतलं.

आज त्याच तळ्याच्या काठावर तिने काठी धरली आणि दुर्बिणीतून बघता बघता ग्लेबचा चेहरा पांढरा पडला. “परवापेक्षा पाणी हातभर वर आलंय. बर्फाचा बांध सुटतोय!”

पायाखालून बर्फ कडाडल्याचा आवाज आला. बुरुल्चाने वळून पाहिलं. खाली, ओढ्याच्या काठच्या कुरणावर त्यांचा तंबू होता. तिची सात वर्षांची लेक आयिमकान तिथेच होती, आजोबांजवळ.

ग्लेब वायरलेसवर ओरडू लागला, “उलुमाकोल फुटतंय! कुरण सोडा!”

खरखरीतून सासऱ्यांचा आवाज आला. “कुठलं उलुमाकोल? असलं तळं आमच्याकडे नाही रे बाबा. पलीकडच्या खोऱ्यात असेल, त्यांना सांग.”

बुरुल्चाने यंत्र हिसकावून घेतलं. “मामंजी, मी बोलतेय! ते... केकाटणाऱ्याचं तळं!”

“कोण केकाटतंय? सूनबाई, नीट बोल. काही ऐकू येत नाही.”

कानात तो म्हातारा आवाज, पायाखाली तो कडकडाट. अकरा वर्षांत त्यांच्यापुढे तिने मान वर केली नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले.

“बोरूकोल!” ती किंचाळली. “बोरू! बोरू! मामंजी, पळा!”

सासरे चिडले असतील, की ऐकलंच नसेल?

मग आवाज आला, अगदी हळू. “तू नाव घेतलंस?” आणि लगेच तंबूतल्या माणसांवर ओरडणं ऐकू आलं, “सोडा ते सामान! पोरीला घोड्यावर टाका! सुनेने माझं नाव घेतलंय, आता काही खरं नाही!”

बांध फुटला तेव्हा ओढ्यातून तंबू वाहत गेला. समोरच्या टेकडीवर बुरुल्चाला दुरून एक घोडा दिसला, आणि त्याच्यावर दोन डोकी.