डावीकडचे सात मिलिमीटर

निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्याने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. देवळालीच्या एका वयस्कर पारशी गृहस्थांनी ती कित्येक वर्षं जिवापाड सांभाळली होती. नजर अधू झाल्यावर त्यांनी ती विकायला काढली. गाडी लाल, बुटकी, दोन दारांची आणि दोनच सीटांची. तिच्यात आधी पाय घालायचे की आधी स्वतः बसायचं, हे ठरवण्यात माझे पहिले पंधरा दिवस गेले.

नवऱ्याने आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. गाडी त्याला सगळी आवडली, फक्त चाकं आवडली नाहीत. "पैलवानाला काडीचे पाय लावल्यासारखं दिसतं," तो म्हणायचा. मग एके दिवशी मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानातून तो रुंद चाकं बसवून आला. गाडी खरंच देखणी दिसत होती. मीही तसं म्हटलं.

संध्याकाळी आम्ही त्रिरश्मी लेण्यांच्या बाजूला फेरी मारायला निघालो. पहिल्याच गतिरोधकावर माझ्या डाव्या कानामागून खर्र आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. दुसऱ्यावर पुन्हा तेच. मागचा डावा टायर मडगार्डच्या कडेला घासत होता.

आम्ही गाडी परत त्या दुकानात नेली. दुकानदार शांत माणूस होता. "काकू, नवीन टायर आहे. घासून घासून आपली जागा करून घेईल," तो म्हणाला. मी टायरवर पडलेली चकचकीत रेघ त्याला दाखवली. तेव्हा तो म्हणाला, "मग मडगार्डची कड कापून टाकू. अर्ध्या तासाचं काम."

नवरा होकार देणारच होता. मी म्हटलं, "मी मोजल्याशिवाय गाडीला कोणी हत्यार लावायचं नाही."

मी ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला भाग माझ्या टेबलावर यायचा, मी मोजायचे, आणि पास की नापास ते लिहायचे. सुरुवातीला माझ्यानंतर आणखी एकजण तेच माप पुन्हा घ्यायचा. पुढे त्याने ते बंद केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच बंद केलं. मला मिळालेली तीच सगळ्यात मोठी शाबासकी.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तिथे विमानं होती. ही गाडी आहे."

"मिलिमीटर तोच आहे," मी म्हटलं.

तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. चाकं त्याच्या हौसेची होती आणि त्यात मी लुडबूड करतेय, असं त्याला वाटत होतं. मला ते कळत होतं, पण त्यासाठी मडगार्ड कापू देणं मला मान्य नव्हतं. एकदा कापलेला पत्रा परत येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागले. आमच्या पार्किंगची फरशी गटाराकडे उतरती आहे. म्हणून आधी नळीत पाणी भरून लेव्हल पाहिली आणि उताराच्या बाजूच्या चाकांखाली फरशीचे तुकडे सरकवून गाडी समपातळीत आणली. मग मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि त्याच्या दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर घेतलं. डावीकडे भरलं चार मिलिमीटर. दुकानदारानेही एवढंच पाहिलं असणार. मी उजवीकडे गेले. तिथे अठरा.

मी पुन्हा मोजलं. तेच आलं. तेवढ्यात नवरा चहा घेऊन खाली आला. मी त्याला म्हटलं, "ही पट्टी धरा आणि आकडा तुम्हीच वाचा."

त्याने दोन्ही बाजूंना वाकून पाहिलं. "चौदाचा फरक. म्हणजे काय?"

"म्हणजे दोष रुंद चाकांचा नाही, मागची दोन्ही चाकं जोडणारा ॲक्सलच सात मिलिमीटर डावीकडे सरकलेला आहे. आधीची चाकं बारीक होती, म्हणून कोणाला कळलं नाही."

तो फरशीवरच बसला. "मग उजवीकडे सात ढकलला की झालं?"

"दोन्हीकडे अकरा उरतील."

त्यानंतर तो माझ्या बाजूचा झाला. गाडी जॅकवर घेऊन पक्के टेकू लावले आणि आम्ही दोघं खाली सरपटलो. ॲक्सलला डाव्या-उजव्या बाजूला हलू न देणारा एक आडवा रॉड असतो. आमचा कधीतरी वाकला होता आणि कोणीतरी ठोकून सरळ केला होता. ठोक्यांच्या खुणा बोटाला लागत होत्या. या सगळ्यात तो आखूड झाला होता आणि ॲक्सलला एका बाजूला ओढत होता.

कारखान्यातला माझा एक जुना सहकारी आता सातपूरला स्वतःचं लेथ चालवतो. त्याने रॉडचं वजन हातात तोललं आणि म्हणाला, "मॅडम, मूळ माप आहे का?"

"नाही. म्हणून नवा बनव आणि एका टोकाला आटे पाडून दे. माप मी गाडीवर लावून घेईन."

नवा रॉड बसवला आणि आटे फिरवत ॲक्सल मधोमध आणला. दोन्हीकडे अकरा. पण उभ्या गाडीचं माप हे अर्धंच माप असतं. खड्ड्यात चाक वर येतं, आणि येताना थोडं बाजूलाही सरकतं. म्हणून मी मूर्तिकाराकडून शाडू आणली, तिचे गोळे दोन्ही मडगार्डांच्या आतल्या कडेला दाबून लावले, डिकीत तांदळाचं पोतं ठेवलं आणि नवऱ्याला म्हटलं, "आता जितके गतिरोधक सापडतील तितके घ्या."

परत आल्यावर शाडूवर टायरचे ठसे उमटले होते. जिथे ती सगळ्यात पातळ झाली होती, तिथे मी व्हर्नियर लावला. दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटरच्या आसपास जागा शिल्लक होती. मी पास म्हटलं.

ते जरा लवकरच म्हटलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतून बाहेर काढताना नवऱ्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढचं चाक आतल्या पत्र्याला लागलं. त्याने गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"हे माझ्याकडून राहिलं," मी म्हटलं. मागच्या चाकांच्या नादात मी पुढची फक्त सरळ उभी असताना मोजली होती. तीस वर्षांत असं माझ्याकडून फार कमी झालं असेल, आणि जेव्हा झालं तेव्हा मी ते लपवलं नाही. स्टिअरिंग जिथे अडतं त्या बोल्टखाली दोन्हीकडे एकेक वॉशर घातला. चाक थोडं आधीच थांबू लागलं, घासणं बंद झालं. पण गाडी वळायला आता जास्त जागा लागते. आधी गल्लीच्या टोकाला ती एका झटक्यात वळायची, आता एकदा मागे घ्यावी लागते. नवऱ्याला सांगितलं, रुंद चाकं हवीत तर एवढं सोसावं लागेल. त्याने ते कुरकुर न करता मान्य केलं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही कळवणला माझ्या बहिणीकडे निघालो. दिंडोरी, वणी, पुढे नांदुरीची वळणं. ऊन कडक होतं आणि खिडक्या उघड्या होत्या. पहिल्या काही खड्ड्यांना नवरा श्वास रोखून धरत होता, मी नाही. वणीनंतर त्यानेही सोडून दिलं आणि मला एका किल्ल्याची लांबलचक हकिगत सांगू लागला. त्यावरून मी ओळखलं की तो आता गाडीचा आवाज ऐकत नाहीये.

बहिणीच्या दारात गाडी थांबली तेव्हा शेजारचे एक आजोबा ओट्यावरून उतरून आले. त्यांनी गाडीभोवती सावकाश फेरी मारली, मागच्या टायरवर हात ठेवला, वाकून आत पाहिलं.

"चाकं तं लय दणकट हाय," ते म्हणाले. "अन् बसायला दोनच माणसं?"

"दोनच आहोत आम्ही," नवरा म्हणाला.

आजोबांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. बहिणीने आतून खिरीसाठी हाक मारली, आणि नवरा त्यांना तिथेच उभं करून आडव्या रॉडची सगळी हकिगत सांगू लागला. "आम्ही मोजलं तेव्हा कळलं," असं तो म्हणत होता. मी वाट्या घ्यायला आत गेले.