नऊ लॉकलिन आणि एक आभार

आमच्या शेजारच्या फ्लोरा रँकिनचं स्वयंपाकघर माझ्या खिडकीतून दिसतं. तिला हे आवडत नाही, पण खिडकी माझी आहे. ती एकतीस वर्षं आमच्या गावचं पोस्ट सांभाळतेय. घरात चष्मा शोधायला तिला अर्धा तास लागतो, पण आलेलं पत्र कुणाचं हे ती पाकीट हातात घेतल्याबरोबर सांगते. आमच्याकडे हे सोपं काम नाही. आमच्या बेटावर, केप ब्रेटनमध्ये, आम्ही थोरल्या मुलाला त्याच्या आजोबाचं नाव देतो, चुकवत नाही. माझे आजोबा लॉकलिन गिलिस. त्यांना मुलगे सात. साती जणांनी आपापल्या थोरल्याचं नाव लॉकलिन ठेवलं, कुणी कुणाला विचारलं नाही. आजोबांच्या चुलतभावाकडे आणखी चार. म्हणजे झाले अकरा. त्यातले दोघे आता चर्चमागे विश्रांती घेताहेत, राहिलो नऊ. नातवंडं मी मोजलेलीच नाहीत.

म्हणून आम्ही एकमेकांना टोपणनावानं ओळखतो. शेगडी लॉकलिन, लंगडा लॉकलिन (आता लंगडत नाही, पण नाव राहिलं), मुका लॉकलिन. हा बोलू शकतो, बोलत नाही एवढंच. मला भोंगा म्हणतात. का, ते मला आजवर समजलेलं नाही. ही नावं घरातली. बाहेरच्या माणसापुढे कुणी उच्चारत नाही. बाहेरच्याला आम्ही कागदावरचं नाव सांगतो आणि तिथेच घोळ होतो.

गेल्या फेब्रुवारीत सोमवारी सकाळी दूरच्या ओंटारियो प्रांतातून पत्र आलं, पाकिटावर ‘पोस्टमास्तर’ एवढंच. फ्लोरानं ते वाचलं आणि दार उघडून मला आत बोलावलं. मी बाहेरच उभा होतो, योगायोगानं.

पत्र कुणा डेव्हिड प्रिचर्डचं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हिमवादळात त्याच्या आईची गाडी आमच्या डोंगरावर अडकली होती. एका माणसानं तिला आपल्या ट्रकमधून खाली इस्पितळात पोचवलं आणि नाव विचारल्यावर ‘लॉकलिन गिलिस’ सांगून निघून गेला. आई आता एक्क्याऐंशी वर्षांची. गुरुवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि डॉक्टर फारशी आशा देत नव्हते. त्याआधी तिला त्या माणसाचे आभार मानायचे होते, दुसरी काही इच्छा नव्हती. खाली मुलानं लिहिलं होतं: ‘देशात दर लाखात लॉकलिन किती, गिलिस किती, ते पाहून मी गुणाकार केला. या पूर्ण नावाचा साऱ्या देशात जेमतेम एक माणूस निघतो. त्यामुळे आपल्याला शोधायला त्रास पडू नये.’

फ्लोरा इतकी हसली की चष्मा काउंटरवर पडला.

“साऱ्या देशात एक! अरे, काल माझ्या दारात तिघं उभे होते.”

“गुणाकार चुकला का गं त्याचा?”

“गुणाकार बरोबर आहे रे. त्याला वाटतं नाव आणि आडनाव दोन वेगवेगळ्या टोपल्यांतून काढतात. आपल्याकडे टोपली एकच.” मग तिचं हसू थांबलं. “भोंग्या, आज सोमवार. बाईचं गुरुवारी ऑपरेशन.”

त्या दिवशी आणि मंगळवारी फ्लोरा एकेकाच्या घरी गेली. बर्फ गुडघाभर, बूट तिच्या मेलेल्या नवऱ्याचे. मी बरोबर होतो. अशी मजा सोडणारा मी नव्हे. प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न: “त्या हिवाळ्यात डोंगरावर तू कुणा बाईचा जीव वाचवलास का?”

शेगडी म्हणाला, “मी? त्या हिवाळ्यात मलाच दोनदा ओढून काढावं लागलं.”

लंगडा म्हणाला, “जीव वाचवणारा आमच्या घरात कुणी झाला नाही. तू त्या वरच्या आळीला जा.”

मुक्यानं मान हलवली आणि चहा पुढे केला. कोळशासारखा काळा चहा, वर काकवी लावलेली ब्रेडची जाड कापी. मी दोन खाल्ल्या.

आठही घरांतून ‘नाही’. परतताना फ्लोरा रस्त्यातच थांबली. तिचे डोळे भरले होते, ते थंडीनं असं तिचं म्हणणं.

“एकतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या घरी गेलेलं नाही, भोंग्या. आणि हे पोचत नाहीये.”

“चर्चमागच्या दोघांतला एक असेल तर?”

“तर त्यांच्या भावांना तरी ऐकू दे.” ती नाक पुसून म्हणाली, “सगळ्यांना बोलाव. कोण ते कळत नाही ना? मग म्हातारी नऊ जणांना आभार सांगेल. त्यातल्या एकाला ते पोचणारच.”

“आठ गं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.”

“नाव तर तेच ना? ये मुकाट्यानं.”

बुधवारी दुपारी दोन वाजता पोस्टात नऊ लॉकलिन गिलिस टोप्या हातात धरून ओळीनं उभे. फ्लोरानं इस्पितळात फोन लावला, मुलाला सगळं समजावलं. तो म्हणाला, “नऊ?” आणि फोन आईच्या हातात दिला. काउंटरवरच्या फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

शेगडी पहिला. “बाई, तो मी नव्हे, पण बऱ्या व्हा.” बाईंनी त्याचे आभार मानले. मग दुसरा, मग लंगडा. बाई प्रत्येकाला नीट, सावकाश, नवा माणूस असल्यासारखं सांगत होत्या, “तुमचे फार उपकार आहेत.” लंगडा परत आला तो टोपी चुरगाळत.

चौथा मुका. त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, “बाळाचा खोकला गेला का?”

पत्रात बाळाचा उल्लेखच नव्हता. पलीकडून बाईंचा रडवेला आवाज, “गेला हो, गेला! तो इथे माझ्याजवळ बसलाय.” मग मुलाचा आवाज, “मी बरा आहे, काका. तुमच्यामुळे.”

“छान,” मुका म्हणाला. “टोपी घालत जा.”

फ्लोरानं त्याच्या दंडावर चापट मारली. “मेल्या! काल घरी येऊन विचारलं तेव्हा मान हलवलीस!”

“तू विचारलंस, जीव वाचवलास का,” मुका पुटपुटला. “मी तर नुसतं इस्पितळात सोडलं.”

सगळेच बोलू लागले. फ्लोरानं डोळे पुसत फोन घेतला. “बाई, सापडला तुमचा माणूस. आता तुम्ही पडा. बाकीच्यांना मी घरी धाडते.”

“बाकीचे किती आहेत?” बाईंनी विचारलं.

“पाच.”

“ते एवढ्या बर्फातून आले ना? येऊ द्या त्यांना.”

आणि पुढच्या चौघांना त्यांनी तेच सांगितलं, एकही शब्द कमी न करता. शेवटी माझा नंबर. मी आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते न सुचून खरं बोलून गेलो, “बाई, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.”

त्या हसल्या, दम लागेपर्यंत. म्हणाल्या, “मग तुम्ही ओळीत थांबलात, त्याबद्दल आभार.”