कडुबा हवालदाराचा गाजलेला फोटो

पोलिस खात्यात मी आयुष्यभर वायरलेसवर बसलो. पलीकडचा जे बोलेल ते तसंच पुढं पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढंच माझं काम. म्हणून असेल, पण आमच्या कार्यालयात जनसंपर्क कक्ष निघाला तेव्हा मला हसू आलं होतं. पकडलेल्या चोरांची आता जाहिरात करणार म्हणे! आणि तिथं नेमला कोण, तर माझा दोस्त कडुबा.

कडुबा दांडगे मूळचा पिशोरचा. गावाकडची अद्रकाची शेती भाऊ बघतो, हा खात्यात हवालदार. अक्षर वळणदार, बोलणं मऊ. साहेबांना वाटलं, हा प्रेसनोट छान लिहील. लिहायचाही. पण प्रेसनोट वाचतो कोण? लोक फोटो बघतात, आणि फोटोचं आमच्याकडं एक शास्त्रच आहे. मागं मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना पथक, पुढं जप्त केलेला माल आणि त्याच्या कडेला उकिडवे बसवलेले आरोपी. आरोपींच्या तोंडावर काळं फडकं. गुन्हा शाबीत व्हायचा असतो, ओळखपरेड व्हायची असते, म्हणून तोंड झाकायचं. कडुबा ती फडकी घरी नेऊन स्वतः धुऊन आणायचा.

"आरोपी असला म्हणून काय झालं, शफीकभाई? नाकातोंडावर कुबट कपडा कशाला?" असं मला म्हणायचा.

"तुला धोबी म्हणूनच भरती करायला पाहिजे होतं," मी चिडवायचो.

त्या दिवशी मोटारसायकली चोरणारे दोघं सापडले होते. आवारात गाड्यांची रांग लागली होती. त्यातली एक सत्यमची. हा पोरगा बजाजनगरात आईबरोबर राहायचा, एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता. क्रांती चौकात लावलेली गाडी चोरीला गेली म्हणून त्यानंच फिर्याद दिली होती. गाडी ओळखायला बोलावलं, तर पठ्ठ्या पेढे घेऊनच आला. सगळ्यांना वाटत फिरला.

फोटोची तयारी झाली. नंबर प्लेटा नीट दिसल्या पाहिजेत, असं साहेबांचं फर्मान. कडुबानं सत्यमला हाक मारली, "बाळा, तेवढी तुह्या गाडीची प्लेट पुसून घे." सत्यम लगेच फडकं घेऊन गाडीपुढं उकिडवा बसला. शेजारी ते दोघं चोर, तेही उकिडवे, तोंडं झाकलेली. आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला.

फोटो बरेच काढले, पण साहेबांचे डोळे उघडे आणि पोट आत असा तो एकच होता. तोच निवडला गेला. पाठवताना कडुबाला सत्यम दिसला नाही असं नाही. दिसला. पण त्याच्या मनात आलं, हा तर फिर्यादी, ह्याचं तोंड कशाला झाकायचं? ही चूक पोलिसच करू जाणे. चोर कोण नि साव कोण हे आम्हाला ठाऊक असतं, म्हणून जगालाही ठाऊक असणार असं आम्ही धरून चालतो.

नोटेत स्वच्छ लिहिलं होतं, आरोपी दोन. फोटोत उकिडवे बसलेले दिसले तीन, आणि तोंड दिसलं एकाचंच. दिवस मावळायच्या आत फोटो सगळ्या बजाजनगरात फिरला. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं सत्यमला गेटवरूनच परतवून लावलं. त्याची सोयरीक जमली होती, ती मोडली. मुलीकडच्यांनी कारणसुद्धा सांगितलं नाही, फोन उचलणंच बंद केलं. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

सत्यमची आई सुरेखाबाई कार्यालयात आली. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"जसा फोटो टाकला तसंच एकदा सांगा ना, साहेब, मह्या लेकरानं काही केलं नाय म्हणून."

कडुबानं बसल्या जागी दुरुस्तीची नोट लिहिली आणि साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी वाचून बाजूला सारली. "आपण त्याला चोर कुठं म्हटलंय? मग दुरुस्ती कसली? आणि उत्कृष्ट जनसंपर्काच्या पुरस्कारासाठी हाच फोटो पाठवलाय. सध्या थांब."

कडुबा थांबला नाही. तो तडक ठेकेदाराकडं गेला, सत्यमची बाजू सांगायला. पण गेला अंगावर वर्दी असताना. त्याचं बोलणं ऐकून घेतलं ठेकेदारानं, पण दारात पोलिस आलेला बघून पोरगा चोरच, अशी त्याची खात्री झाली.

पुढं पुरस्कार मिळाला. सत्कार कडुबाचा होता आणि सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलायला देतात. तिथंच सगळं सांगायचं असं त्यानं ठरवलं. सत्यमला आणि आईला मुद्दाम बोलावून घेतलं.

"जाने दे रे, कडुबा," मी म्हणालो. "उगाच वाढंल."

"नाय, शफीकभाई. मह्या हातानं झालंय, मह्याच तोंडानं निस्तरतो."

सत्यम आला तो डोळ्यांपर्यंत रुमाल बांधून. आमच्याकडं उन्हाचा सगळेच बांधतात. पण सभागृहात पंख्याखाली बसल्यावरही त्यानं तो सोडला नाही. स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर तोच फोटो लावला होता. लाखो लोकांनी पाहिला म्हणून निवेदिकेनं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. कडुबाच्या हातात माइक आला.

"ह्या फोटोत तोंड उघडं असलेला पोरगा चोर नाय," तो म्हणाला. "त्याचीच गाडी चोरीला गेली व्हती. चूक माही हाये. तो इथंच बसलाय. ऊठ बाळा, रुमाल सोड, बघू दे सगळ्यांना."

सत्यम उठला, त्यानं रुमाल सोडला. क्षणभर मला वाटलं, निस्तरलं बरं का कडुबानं. मग पुढच्या रांगेतून एक फोन वर आला, त्याच्या मागं सगळी रांग. पडद्यावरचं तोंड आणि खालचं तोंड एकाच फोटोत घ्यायची घाई लागली लोकांना. "केवढा हा मनाचा मोठेपणा!" म्हणत निवेदिकेनं माइक काढून घेतला. पुन्हा टाळ्या. सत्यम दोन्ही हातांनी तोंड झाकून बाहेर पळाला.

आमचा चहा होईपर्यंत तो नवा फोटोही गावभर झाला. कडुबाचं बोलणं त्यात कुठून येणार? खाली कुणीतरी लिहिलं होतं, चोर पोलिसांच्या कार्यक्रमात.

काही दिवसांनी आम्ही दोघं साध्या कपड्यांत बजाजनगरात गेलो. दारात ती गाडी धूळ खात उभी होती. सत्यम घर सोडून गेला होता. कुठं, ते सुरेखाबाईलाही सांगून गेला नव्हता. कडुबा रडायला लागला. ती बाई चिडली नाही. पाणी दिलं तिनं आम्हाला.

"तुमच्यावर राग नाय, साहेब," ती म्हणाली. "पण एक सांगा. चोरांच्या तोंडावर तुम्ही फडकं टाकलं. मह्या लेकराच्या तोंडावर काहून नाय टाकलं?"

त्याचा काही गुन्हा नव्हता म्हणून. उत्तर एवढंच होतं.