पाण्याने न हलणाऱ्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंची चूक शोधायची तर माणसाने दुसरा जन्म घ्यावा, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मी भांडार सांभाळणारा; कौतुक माझ्या स्वभावात नाही. पण सव्वीस वर्षांत ताईंच्या हातची काचपट्टी कोणी पुन्हा तपासली नव्हती. हा मान त्यांना जिवापेक्षा प्यारा.

त्यांचं काम सांगायला सोपं. काचपट्टीवर जिवंत पेशी रुजवायच्या, त्यांच्यावरून पंपाने पाणी सोडायचं, वेग वाढवत न्यायचा आणि किती टिकतात ते पाहायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी कृत्रिम रक्तवाहिनीसाठी प्रथिनाचा नवा लेप केला होता; आता काचपट्टीवर तोच होता. त्याला पेशी धरून राहिल्या तरच ती वाहिनी माणसाच्या उपयोगाची.

बुधवारी पंप पूर्ण वेगावर गेला आणि एकही पेशी सुटली नाही. मॅडमनी टाळ्याच पिटल्या. ती वाहिनी वापरू पाहणाऱ्या रुग्णालयाला संध्याकाळीच पत्र धाडायचं ठरलं. ताई मात्र मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"जिवंत पेशी धारेत ताणली जाते, जरा सरकते, परत धरते. ह्या तर रंगाच्या ठिपक्यांसारख्या बसल्यात."

त्यांनी पंपाची नळी हुंगली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. सुट्टीआधी बुरशी धरू नये म्हणून त्यांनीच नळीत फॉर्मॅलिन भरून ठेवलं होतं. आल्यावर ती तीनदा धुवायची. मध्येच फोन आला आणि नळी तशीच जोडली गेली. पहिल्या संथ धारेबरोबर फॉर्मॅलिन पेशींवर गेलं. ते पेशीला मारतं आणि मारता मारता खालच्या प्रथिनाशी शिवून टाकतं. मग कितीही पाणी सोडा.

"ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची," मी हळूच म्हणालो. "बोललात तर सव्वीस वर्षांचं नाव जाईल."

"जाऊ दे. त्या वाहिनीतून कोणाचं तरी रक्त वाहणार आहे."

त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. मागोमाग मी.

"पेशी मेलेल्या होत्या. चूक माझी."

"तुमच्याकडून? ताई, तुमच्याकडून?" मॅडमचा आवाज बाहेरपर्यंत गेला. मला त्यांचा राग आला आणि आपण दिलेल्या सल्ल्याची त्याहून जास्त लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात नवी नळी लावून प्रयोग झाला. शंभरातल्या बेचाळीस पेशी टिकल्या. जुन्या लेपावर पंधरा टिकायच्या. पत्रात बेचाळीसच लिहिलं गेलं, आणि रुग्णालयाला तेवढं पुरलं.

पण मॅडमनी नियम काढला: यापुढे प्रत्येक काचपट्टी दुसऱ्या कोणीतरी तपासायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईंनी मात्र दुसऱ्याच सकाळी सगळ्यांच्या आधी स्वतःची काचपट्टी मॅडमपुढे ठेवली, पंप सुरू केला आणि खुर्ची ओढून दिली.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. "ताई, एक सरकली हो."

"सरकू दे," ताई म्हणाल्या. "जिवंत आहे."