डोक्यावरची माती

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी संशयी माणूस आहे आणि माझा संशय कायम जिवंत माणसांवर असतो. हिंजवडीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. आलेला माल मोजून घ्यायचा आणि कमी भरला तर परत पाठवायचा, हीच माझी नोकरी. गाडीच्या डिकीत कायम एक हुकाचा काटा असतो, कारण रद्दीवाल्यावर माझा विश्वास नाही. बायको, वैशाली, म्हणते की मी देवळातला प्रसादसुद्धा उलटून बघतो. बघतो, खोटं कशाला बोलू.

आमचं गाव मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगरात वर. ताम्हिणीचा रस्ता सोडला की अर्धा तास चढण. नाव मुद्दाम देत नाही. वडील गेल्यावर तिथली जमीन माझ्या नावावर आली. आम्ही राहतो म्हाळुंग्याला, शेती करणार कोण? या वर्षी प्लॉटिंगवाला एक गिऱ्हाईक मिळालं. त्याची अट एकच – मोजून द्या, मी लगेच भिंत घालतो.

आणि तिथे माझी चुलत बहीण आडवी आली. शांताक्का. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, एकटीच राहते. तिचं शेत माझ्या शेताला लागून. घर वरच्या टोकाला आणि रस्ता खालच्या टोकाला. मधल्या बांधावर खुणेचे पाच दगड आहेत. त्या दगडांप्रमाणे तिचं शेत खाली निमुळतं होत जातं आणि रस्त्याला लागतच नाही. ती रोज रस्त्याला जाते ती माझ्या हद्दीतल्या दहा-बारा पावलांच्या पट्टीतून. ही पट्टी आपलीच आहे, असं तिचं म्हणणं.

"आरं सुनील, तितं भिंत घातलीस तर मी कुटनं जाऊ? उडून?"

"आक्का, कागद दाखव."

"कागद न्हाई. पर खरी खूण कुटं ते तुला बी ठावं न्हाई आन मला बी न्हाई, तर मग माती घे की."

माती घेणं ही आमच्याकडची जुनी रीत. बांधाचा तंटा मिटत नसला की त्या शेतातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि पाच माणसांसमोर हद्द चालून दाखवायची. जिथून चालाल ती हद्द. डोक्यावर माती असताना कुणी खोटं चालत नाही, अशी समजूत. गावकीतले थोरले बबनदादा म्हणाले, "सरकारी मोजणी यील तवा यील. तू चाललास तर आक्का गप बसंल, ह्यो माझा शबुद."

मला बरंच वाटलं. पाच मिनिटांचं काम, दगडाला दगड धरून चालायचं आणि विषय संपला. पण मनात आलं, ही बाई एवढी सहज कशी तयार झाली? आपल्या विरुद्ध निकाल जाईल अशी गोष्ट कुणी स्वतःहून सुचवतं? नक्कीच ढेकळात काहीतरी भरून ठेवलं असणार. म्हणून म्हटलं, ढेकूळ मी निवडणार, माझ्या शेतातून. भात काढून नांगरट झालेली होती, ढेकळांना तोटा नव्हता. एक उचललं, सर्वांसमोर पिशवीत घालून काट्याला लावलं. पावणेदोन किलो. बबनदादा हसले, "आरं, बाजारात इकायचंय का?" वैशालीला म्हटलं, मोबाईलवर सगळं शूट कर.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन होतं, पण डोंगरावरचं, सोसण्यासारखं. डोक्यावर टॉवेल, त्यावर ढेकूळ, आणि मी आक्काच्या घराकडून खाली निघालो. पहिला दगड, दुसरा दगड. काहीच नाही. उलट मला स्वतःचंच हसू येत होतं.

दुसऱ्या दगडानंतर मान भरून आली. वाटलं, रोज कॉम्प्युटरसमोर बसतो, होणारच. आणखी चार पावलं... आणि ढेकूळ जड झालं. भास वगैरे म्हणू नका. भाताचं पोतं उचलल्यावर दाब मणक्यातून टाचेपर्यंत जातो ना, तसं. गुडघे वाकायला लागले. तिसरा दगड समोर दिसत होता, पण तिकडे पाऊल उचलेना. तोल गेला म्हणून डावा पाय माझ्या शेतात टाकला – आणि डोकं हलकं झालं.

मी परत उजवीकडे बांधावर आलो. परत तेच ओझं. मला राग आला, खरंच. तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी गुडघा टेकला. मागून आक्का म्हणाली, "सुनील, ठिव खाली. जीव महत्त्वाचा हाय, जमीन ऱ्हाऊ दे." तिचा आवाज घाबरलेला होता. मला तेही नाटकच वाटलं.

मग मी जिथे हलकं वाटेल तिथून चालत गेलो. दुसरा मार्गच नव्हता. माझ्याच शेतातून तिरका, खाली रस्त्यापर्यंत. थांबलो तेव्हा पाचवा दगड उजवीकडे दहा पावलं लांब होता. ती अख्खी पट्टी मी पाच माणसांसमोर आक्काला देऊन बसलो होतो.

लगेच ढेकूळ काट्याला लावलं. पावणेदोन किलो. जमिनीवर आपटून फोडलं, बोटांनी चुरलं. मातीच होती.

मी थांबलो होतो तिथे बबनदादांनी कुदळ मागवली. आमच्याकडे जुने लोक खुणेचा दगड रोवताना खाली कोळसा पुरत, कारण दगड हलतो, कोळसा कुजत नाही आणि जागा सोडत नाही. हातभर खणल्यावर कोळसा निघाला, ओंजळभर, शेजारच्या ऐनाच्या झाडाच्या मुळांनी वेढलेला. मग पाचव्या दगडाखाली खणलं. तिथे नुसता मुरूम.

माझा संशय अजून शिल्लक होताच. आक्काने आधीच कोळसा पुरला असेल का? पण मुळं त्याच्यावरून वाढलेली होती. आणि मी नेमका कुठे थांबणार हे तिला कसं कळणार? व्हिडिओ मी घरी पंचवीस-तीस वेळा बघितला. एक माणूस चालतो, वाकतो, गुडघा टेकतो. डोक्यावर एक साधं ढेकूळ.

त्याच आठवड्यात आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुज्या बापानं बी घेतली व्हती माती, पाच मानसं बोलवायच्या आदी, एकट्यानंच. तू दोन वर्साचा व्हतास. तिसऱ्या दगडापाशी टाकून दिली आन घरला आले. म्हनाले, बिऱ्हाड बांधा, आपल्याला हितं ऱ्हायचं न्हाई."

"का?"

"का म्हंजे? दगुड त्यांनीच सरकावले व्हते. आदल्या पावसाळ्यात. कंदील मीच धरला व्हता."

मला आयुष्यभर सांगितलं होतं की तुझ्या शाळेसाठी आम्ही खाली आलो. मला वडिलांचा राग आला, आणि आक्काला 'कागद दाखव' म्हणालो होतो त्याची लाज वाटली, अजून वाटते. पट्टी सोडून उरलेली जमीन घ्यायला गिऱ्हाईक तयार झालं नाही. मी पट्टी आक्काच्या नावावर करून दिली. ती त्याच वाटेने रस्त्याला जाते.

वडिलांचं मी समजू शकतो. आपण काय केलंय हे त्यांना माहीत होतं, मनातल्या भीतीने मान वाकली असेल. डॉक्टरही तेच सांगतील. माझ्या बाबतीत मात्र डॉक्टर काय सांगणार? त्या दिवशी बांधावर उभा होतो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.