आमच्या घरचं पित्त

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरात दारू कोणीही पीत नव्हते. आमच्या घरात पित्त होते. ते रोज दिवेलागणीला वाढायचे, गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचे आणि कधीकधी त्याला दोन माणसांनी बखोटीला धरून घरी आणून सोडावे लागायचे.

हा शोध आईचा. बाबा ओट्यावर आडवे झाले की ती पदर सावरून शेजारणीला सांगायची, आज ह्यांचं पित्त खवळलंय. शेजारीण गंभीरपणे आवळ्याचा मुरांबा सुचवायची. पित्ताचा वास अख्ख्या गल्लीला येत होता, पण मुरांब्यात साखर किती घालायची यावर दोघींची चर्चा मात्र अगदी मनापासून रंगायची.

आम्ही दोघी बहिणी याच शाळेत तयार झालो. आक्का चपलांच्या आवाजावरून सांगायची, आज पित्त किती आहे. दोन्ही चपला वाजल्या तर ताटं वाढायची. एकच वाजली तर तांब्या, वरवंटा, जे जे फेकता येईल ते आत न्यायचं. मी धाकटी. माझं खातं खोटं बोलण्याचं. कुणी मैत्रीण घरी येते म्हणाली की आमच्याकडे कोणीतरी आजारी पडायचं. एकदा मी एकाच महिन्यात आक्काला दोनदा कांजिण्या आणल्या. हसा, मीही हे सांगताना हसवतेच लोकांना. पण तेव्हा वर्गात कुणी दोघी कुजबुजल्या की माझे कान तापायचे. आमच्याबद्दलच चाललंय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं.

बाबा मोटारी भरायचे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती अंबडला न्यायच्या आधी आमच्या ओट्यावर आणून टाकत. तांब्याची तार बाबा अशी बसवायचे की मोटार नवी वाटावी. फक्त सकाळी हात थरथरायचे, म्हणून तार धरण्याआधी थोडं पित्त लागायचं. गिऱ्हाईक समजूतदार. ते मोटारीबरोबर पिशवीतून तेही आणायचे.

मग आक्का लग्नाची झाली.

आमच्याकडे मुलगी पाहायला येण्याआधी मुलाकडची दोन माणसं गुपचूप चौकशीला येतात. आता हे काम फोनवर होतं, तेव्हा एसटीने व्हायचं. ही माणसं चौकशीला आलो असं कधीच म्हणत नाहीत. बैल पाहायला आलो म्हणतात. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात दावं नाही, नजर गोठ्याकडे नाही, घरांच्या दारांकडे. सगळ्या गावाला कळतं, आणि सगळं गाव त्यांना बैलांचे भाव सांगतं. ती फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेतात, सहज म्हणून चार नावं विचारतात आणि त्यात आपलं एक घुसवतात. आक्काची दोन स्थळं अशी फाट्यावरूनच परत गेली होती. बाप पितो, एवढंच कुणीतरी सांगायचं. त्याला जास्त वेळ लागत नाही, तीच एसटी माघारी मिळते.

दुसऱ्या वेळेला आक्काने फोटोसाठी नेसलेली साडी धुतली, घडी घातली आणि ट्रंकेत अगदी तळाला ठेवली. तिसरं स्थळ परत गेलं तर लोक बापाला सोडून तिच्यातच खोट काढणार होते.

तिसरं स्थळ केदारखेड्याकडचं. मुलगा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत. आत्याने फक्त फोटो पोचवला होता, माणसं मंगळवारी येतील अशी कुणकुण आणली होती. मंगळवारी मी शाळा बुडवली आणि दप्तर मांडीवर घेऊन फाट्यावर जाऊन बसले, एसटीची वाट पाहणाऱ्या मुलीसारखी.

दोघं उतरले. टोपीवाले मुलाचे मामा, पोटवाले चुलते, हे नंतर कळलं. आल्या आल्या चुलत्यांनी हॉटेलवाल्याला बैल पाहायला आल्याचं जाहीर केलं. मी विचारलं, "कुणाचा बैल, काका?" दोघं एकमेकांकडे पाहू लागले. बैलाचा मालक ठरवून यायचं राहिलं होतं. मग मामांनी घसा साफ करून मोटारी भरणाऱ्यांचा विषय काढला. त्यांच्याकडे असेल म्हणे एखादा बैल. माणसं कशी आहेत?

या क्षणासाठीच मी जन्मले होते. मी सांगितलं, लई देवमाणूस. रामनवमीला जांब समर्थाला पायी जातात. घरात आवाज म्हणून चढत नाही. चहासुद्धा घेत नाहीत. चहावर थांबायला हवं होतं. पण चुलते खूश होऊन म्हणाले, माळकरी असतील, कधीपासून? मी म्हणाले, जन्मल्यापासून.

चुलते हसले. मामा हसले नाहीत. एका तोंडावर भरवसा ठेवायचा नाही, आणखी एकाला विचारू, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

लिंबाखालच्या बाकड्यावर बाबा बसले होते. कधी आले, कुणाच्या ट्रॅक्टरवरून उतरले, मला कळलंच नव्हतं. शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली, एका पायात चप्पल. हॉटेलवाला कप विसळता विसळता थांबला.

मामांनी त्यांनाच हाक मारली. "काय पाव्हणं, ते मोटारीवाले कसे हायेत?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओळख निघाली असती. मी रस्त्याकडे तोंड केलं, जणू तो गावातला कुणीतरी पिणारा माणूस, आणि दप्तराचा पट्टा घट्ट धरला. कान इतके तापले होते की हॉटेलातल्या फुलपात्रातलं पाणी त्यांवर ओतावंसं वाटत होतं. बाबा मला पाहत होते. शाळेच्या वेळेला फाट्यावर बसलेली मी, इस्त्रीचे दोन शर्ट, आणि माझी फिरवलेली मान. त्यांना सगळं समजलं. कितीही प्यालेले असले तरी जळालेली तार त्यांना दिसायचीच.

बाबा वळत नसलेली जीभ वळवून सावकाश म्हणाले, "पोरगी सोनं हाये. डोळे झाकून करा."

"आन बाप?"

"बाप वारला."

पिणाऱ्याच्या मुलीपेक्षा बिनबापाच्या मुलीला स्थळं बरी मिळतात, हा हिशेब त्यांनी बाकड्यावर बसल्या बसल्या केला होता. घरी आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. महिनाभराने मांडवात कन्यादानाला कोण बसणार, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दारूतला हिशेब तो. पण आमच्या घरात त्यांनी मन लावून केलेला तेवढा एकच हिशेब मला आठवतो.

मामांची टोपी माझ्याकडे वळली. "आँ? ही पोरगी तर म्हणून राह्यली, पायी जातात."

बाबांनी माझ्याकडे न पाहता हात झटकला. "ती न्हाई आमच्या गावची. तिला काय ठावं."

पुढचं आधीच सांगून टाकते. ती सोयरीक मोडली, आणि ती मी मोडली. आक्काचं लग्न नंतर अंबडला झालं. तिथे सासऱ्यालाच पित्त होतं, त्यामुळे आमच्या गावात चौकशीला कुणी आलंच नाही. चपलांचे आवाज तिला नव्याने शिकावे लागले नाहीत. ती आजही मला त्या मंगळवारबद्दल विचारत नाही, आणि मी माहेरपणाला तिच्या शेजारी झोपले की भिंतीकडे तोंड करते. कारण त्या दिवशी मी फक्त गप्प बसायचं होतं. तोंड उघडून जन्मभर लोकांना रिझवलं, आणि त्या एका दिवशी ते मिटून ठेवायचं होतं. पण बाबांनी मला परगावची करून टाकल्यावर माझ्या घशातून, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं, बाहेर पडलं,

"वारले न्हाईत ते, माझे बाबा हायेत, प्यालेत फक्त."